वाचक विचारतात : शिसं एकाएकी चौपट कसं झालं?

या महिन्यातलं सगळ्यात जाड पाकीट उघडायला कात्री लागली. आत विहिरींच्या पाण्याच्या तपासणीचे चार वर्षांचे अहवाल, पिवळ्या पेनानं रंगवलेले. म्हणून सुरुवात त्याच पत्रानं. उत्तर लांबलंय, पण पाठवणाऱ्यांनी मेहनतही तेवढीच घेतली आहे.

प्रश्न : आमच्या वस्तीला लागून एक बंद केलेली कचराभूमी आहे. तिच्याभोवती चार निरीक्षण विहिरी आहेत आणि दर सहा महिन्यांनी त्यांचं पाणी तपासलं जातं. या वेळी तीन नंबरच्या विहिरीत शिसं लिटरला ६ मायक्रोग्रॅमवरून एकदम २६ वर गेलं. जागा सांभाळणारे म्हणतात, ‘शिशाचं आम्ही बघतो, बाकी सगळं मर्यादेत आहे.’ वस्तीत घबराट आहे. ताई, आम्ही काय समजायचं?

उत्तर : घबराट समजू शकते. पिण्याच्या पाण्यातल्या शिशासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, आणि २६ त्याच्या अडीचपट होतात. पण तुमच्या पाकिटातला मला सगळ्यात मोलाचा वाटलेला कागद प्रयोगशाळेचा नव्हे. शेवटच्या अहवालाला उलटा टाचलेला जो मळका कागद आहे ना, तो. ती फील्ड शीट. नमुना घेणारा माणूस विहिरीपाशी उभा राहून ती हातानं भरतो. तिच्यात गढूळपणाचा एक रकाना असतो. आधीच्या सात फेऱ्यांत तिथे ३ ते ७ एनटीयू (हे गढूळपणाचं एकक) असे आकडे आहेत. या फेरीत १८०. आणि शेऱ्यात तीन शब्द : ‘पंप बंद, बेलरने.’

बेलर म्हणजे दोरीला बांधलेली लांबट नळी, तळाशी झडप असलेली. ती सोडली की धपकन पाण्यावर आदळते, वर ओढताना पिचकारीच्या दट्ट्यासारखं काम करते आणि विहिरीच्या नळीत पाणी आत यायला जी जाळी असते तिच्याभोवती बसलेला सगळा गाळ ढवळून काढते. शिशाला पाण्यात विरघळून राहण्यापेक्षा मातीच्या बारीक कणांना आणि लोहाच्या गंजासारख्या पुटांना धरून बसायला आवडतं. आता बाटली बघा. धातूंच्या बाटलीत आधीच थोडं नायट्रिक आम्ल घातलेलं असतं, पाण्याचा पीएच २ च्या खाली जावा म्हणून. नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात. त्या आम्लात गढूळ पाणी गेलं की कणांवरचं शिसं सुटून पाण्यात येतं. प्रयोगशाळेनं मोजलं ते बरोबरच मोजलं. फक्त मोजला गेला तो मुख्यतः गाळ, आणि जमिनीखालून तुमच्या वस्तीकडे सरकणाऱ्या पाण्याबरोबर तो गाळ असा वाहत येत नाही.

हा माझा अंदाज आहे, पण पडताळता येण्यासारखा. त्याच विहिरीचा नमुना पुन्हा घ्यायला लावा, या वेळी पंपानं आणि सावकाश : मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर, विहिरीतली पातळी जवळजवळ हलता कामा नये. पीएच, कंडक्टिव्हिटी (पाण्यातून वीज किती सहज जाते ते), विरघळलेला ऑक्सिजन आणि गढूळपणा हे आकडे लागोपाठ तीन वाचनांत स्थिरावले की मगच बाटली भरायची. बाटल्या दोन : एक तशीच, दुसरी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून. गाळलेल्या पाण्यातही शिसं २६ च्या आसपास निघालं, तर माझा अंदाज चुकला असं समजा आणि मला लगेच कळवा. शिवाय निरीक्षण विहिरीचं पाणी कोणी पीत नाही. तुम्ही ज्या विहिरीचं किंवा नळाचं पाणी पिता त्याची तपासणी वेगळी करून घ्या, आणि ती या पुनर्तपासणीची वाट न बघता.

आता ज्या रकान्याला पिवळं पेन लागलेलं नाही तो बघू. त्याच तीन नंबरच्या विहिरीतलं क्लोराइड, आठ फेऱ्या, लिटरला मिलिग्रॅम : ६२, ५८, ७१, ६६, ७५, ८३, ७९, ९०.

नुसतं पाहिलं तर वर-खाली वाटतं. म्हणून मी कागदावर जुनीच युक्ती केली. प्रत्येक आकड्याची त्याच्या नंतरच्या प्रत्येक आकड्याशी जोडी लावायची. नंतरचा मोठा असेल तर अधिक एक, लहान असेल तर उणे एक. आठ आकड्यांच्या जोड्या होतात २८. त्यांतल्या २५ चढत्या निघाल्या, ३ उतरत्या. बेरीज अधिक २२. या आठ आकड्यांना मुळात दिशाच नसती, तर निव्वळ योगायोगानं एवढी किंवा याहून मोठी बेरीज येण्याची शक्यता हजारात तीनच्याही थोडी खाली आहे. या पद्धतीला मान-केंडल चाचणी म्हणतात. मान यांनी ती १९४५ साली मांडली. तिला संगणक लागत नाही, चहा गार व्हायच्या आत होते. चढ किती आहे तेही असंच निघतं : प्रत्येक जोडीचा उतार काढायचा आणि सगळे ओळीनं लावून मधला घ्यायचा. ही रीत सांख्यिकीतज्ज्ञ प्रणव कुमार सेन यांच्या नावानं ओळखली जाते. तुमचा मधला उतार आला फेरीला सुमारे ४ मिलिग्रॅम, म्हणजे वर्षाला साधारण ८.

‘हा पावसाचा परिणाम असेल’ असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. म्हणून तेही करून ठेवलंय. कोरड्या दिवसांतल्या चार फेऱ्या : ६२, ७१, ७५, ७९. ओल्या दिवसांतल्या चार : ५८, ६६, ८३, ९०. दोन्ही रांगा चढत्याच. आणि एक नंबरची विहीर, जी कचऱ्याच्या वरच्या अंगाला आहे, म्हणजे जिथे पाणी कचऱ्याखाली शिरण्याआधी भेटतं, ती चारही वर्षं ४१ ते ४५ च्या मध्ये घुटमळते आहे. म्हणजे वाढ येते आहे ती एक आणि तीन नंबरच्या मधून कुठूनतरी.

क्लोराइडकडे मी इतकं बघते कारण ते भूजलातलं सगळ्यात अलिप्त पाहुणं आहे. मातीला चिकटत नाही, जिवाणू त्याला खात नाहीत, पाणी ज्या वेगानं जातं त्याच वेगानं तेही जातं. कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्यात, म्हणजे लीचेटमध्ये, ते भरपूर असतं. त्यामुळे लीचेट निसटलं तर खालच्या अंगाच्या विहिरीत पहिली वर्दी बहुधा त्याचीच येते. अमोनिया मागून येतो, धातू त्याच्याही बरेच मागे. ९० हा आकडा ‘मर्यादेत’ आहे हे खरंच. पण २५० ची ती मर्यादा पाणी खारट लागू नये म्हणून आहे. गळती आहे की नाही हे ती सांगत नाही.

तरीही ‘गळती सिद्ध झाली’ असं फलकावर लिहू नका. मैल्याच्या टाकीतून, खतातून, खाऱ्या मातीतूनही क्लोराइड येतं. पुढच्या फेरीत तीन नंबरच्या विहिरीत अमोनिया, पोटॅशियम, बोरॉन आणि अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद) मोजायला सांगा. ती चारही क्लोराइडच्या बरोबरीनं वर सरकत असतील तर बोट कचऱ्याकडेच जातं. शिवाय नायट्रेट, मँगनीज, लोह आणि सल्फेट. लीचेटमधला सेंद्रिय माल खाताना जिवाणू आधी ऑक्सिजन संपवतात, मग नायट्रेट, मग मँगनीज आणि लोहाची पुटं, मग सल्फेट. शेवटी उरतो मिथेन. डेन्मार्कमधल्या वेयेन आणि ग्रिन्स्टेड इथल्या कचराभूमींखाली संशोधकांनी या टप्प्यांचे जमिनीखालचे पट्टे विहिरीमागून विहीर मोजून दाखवले आहेत. लोहाची पुटं विरघळली की त्यांना धरून बसलेलं नैसर्गिक आर्सेनिकही सुटू शकतं. मग कचऱ्यात कधी टाकलंच नव्हतं असं विष विहिरीत निघतं आणि दोन्ही बाजू एकमेकांना खोटं ठरवत बसतात.

प्रश्न : आमच्या विहिरीचं पाणी स्वच्छ दिसतं, वास नाही. घरचा टीडीएस मीटर ३४० दाखवतो. मग प्रयोगशाळेत पैसे कशाला घालवायचे?

उत्तर : ऑलिंपिकच्या मापाचा पोहण्याचा तलाव डोळ्यांपुढे आणा, २५ लाख लिटरचा. त्यात २५ ग्रॅम आर्सेनिक विरघळलं की लिटरला १० मायक्रोग्रॅम होतात, म्हणजे बरोबर मार्गदर्शक मूल्याइतके. तुमच्या मीटरला ते दिसणार नाही, डोळ्यांना आणि नाकाला तर नाहीच. हा मीटर खरं म्हणजे पाण्यातून वीज किती सहज जाते एवढंच मोजतो आणि त्याला एका ठरावीक आकड्यानं गुणून टीडीएस म्हणून दाखवतो. बेंझिनसारखी द्रव्यं वीज वाहून नेत नाहीत, त्यामुळे ती त्याच्या हिशेबातच नाहीत.

पण मीटर फेकूही नका. महिन्यातून एकदा, त्याच विहिरीवर, थोडा वेळ उपसा करून मग, वहीत तारखेसह आकडा लिहा. ३४० चा ३४० राहिला तर त्यातून फार काही कळणार नाही. ३४० चा वर्षभरात ४६० झाला तर ती वही घेऊन प्रयोगशाळेत जा.

प्रश्न : मी पर्यावरण सल्लागाराकडे नोकरीला लागून आठ महिने झाले. अहवालात ‘आढळले नाही’ असं आलं की शोधमर्यादेचा (म्हणजे यंत्राला दिसू शकणाऱ्या सगळ्यात लहान आकड्याचा) निम्मा आकडा तक्त्यात भरायचा, अशी आमच्याकडे पद्धत आहे. हे बरोबर आहे का, मॅडम?

उत्तर : तुमच्या वयाची असताना मी हेच करून तोंडावर आपटले आहे. एका जागेवर ट्रायक्लोरोएथिलीनचा, म्हणजे धातूंवरचं ग्रीस धुवायच्या एका द्रावकाचा, आलेख काढला होता. सुरुवातीला वर, मग पायरी उतरल्यासारखा खाली, मग सपाट. ‘दूषण कमी होत आहे’ असं वाक्यही मोठ्या खुशीत लिहिलं. आमच्या वरिष्ठ बाईंनी अहवाल हातात घेतला आणि एकच विचारलं, ‘यातले खरे मोजलेले आकडे किती?’ मी मोजायला लागले. एकही नव्हता. पहिल्या पाच फेऱ्यांत प्रयोगशाळेची मर्यादा ५ मायक्रोग्रॅम होती, म्हणून मी भरले होते अडीच. मग प्रयोगशाळेनं नवं यंत्र आणलं, मर्यादा १ झाली, मी भरले अर्धा. जमिनीत काहीही बदललं नव्हतं. उतार होता तो यंत्राच्या पावतीचा.

तेव्हापासून माझी रीत अशी : तक्त्यात ‘<५’ हे ‘<५’ म्हणूनच राहतं. आलेखावर असे बिंदू पोकळ काढायचे आणि मर्यादेची रेघ दाखवायची, म्हणजे वाचणाऱ्याला पायरी कुठून आली ते दिसतं. कल तपासताना सगळ्यात मोठ्या मर्यादेखालचे सगळे आकडे बरोबरीत धरायचे. ‘<५’ आणि ‘<१’ यांची जोडी लावली तर शून्य. मान-केंडल चाचणीला हे चालतं, कारण तिला फक्त मोठं की लहान एवढंच हवं असतं. सरासरी हवीच असेल तर कॅप्लन-मायर पद्धत वापरा. ती १९५८ ची, आणि मुख्यतः वैद्यकातल्या अभ्यासांतून आपल्याकडे आली. अभ्यास संपला तेव्हा रुग्ण जिवंत होता, पुढे किती जगला ते ठाऊक नाही, अशा अर्धवट माहितीवर तिथे हिशेब करावा लागतो. आपलं ‘५ पेक्षा कमी, पण किती ते ठाऊक नाही’ हे त्याचंच आरशातलं रूप.

साहेबांना मात्र ‘तुमची पद्धत चुकीची आहे’ असं सांगू नका. एकाच विहिरीचे दोन आलेख काढून त्यांच्या टेबलावर ठेवा. आणि तुमच्या पेटीत ट्रिप ब्लँक जातो ना ते बघा. शुद्ध पाण्याची सीलबंद बाटली, गाडीतून साइटवर जाऊन न उघडता परत येणारी. तिच्यात पेट्रोलमधली द्रव्यं सापडली तर ती गाडीतली किंवा जनरेटरजवळची समजा, आणि विहिरीवर आळ घ्यायच्या आधी गाडीत डब्बे कुठे ठेवता ते तपासा.

प्रश्न : कचराभूमी बंद होऊन बारा वर्षं झाली. आजपर्यंत विहिरी स्वच्छ आहेत. आता तपासणी थांबवायला काय हरकत?

उत्तर : आधी पाणी त्या विहिरीपर्यंत पोचलंय का ते तपासू. ऑन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्यानं दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करताना वाळूतून पाणी किती झिरपतं ते मोजलं आणि १८५६ साली नियम छापला. आजही आम्ही तोच वापरतो. समजा वाळूच्या थराची पाणी वाहू देण्याची क्षमता दिवसाला ५ मीटर, पाण्याच्या पातळीचा उतार हजार मीटरला ४ मीटर आणि वाळूतली पोकळी २५ टक्के. ५ गुणिले ०.००४ भागिले ०.२५, म्हणजे दिवसाला ८ सेंटिमीटर. वर्षाला २९ मीटर. तुमची खालच्या अंगाची विहीर ३५० मीटरवर असेल तर आज बारा वर्षांनी क्लोराइड जेमतेम दारात आलेलं असेल, आणि जे मातीला धरून धरून चालतं ते अजून वाटेतच.

भेगाळलेल्या कातळात हेच गणित उलटं फिरतं. बाकी आकडे तेच ठेवून पोकळी १ टक्का धरा : दिवसाला २ मीटर, वर्षाला ७३०. तिथे अडचण वेगळी. पाणी ज्या भेगेतून गेलं ती भेग तुमच्या बोअरला लागलेलीच नसेल, तर विहीर जन्मभर स्वच्छच दिसणार.

अमेरिकेतल्या लव्ह कॅनॉलमध्ये रासायनिक कचरा टाकणं १९५३ पर्यंत चाललं होतं. वर माती घालून जागा हस्तांतरित झाली, शाळा आली, घरं आली. आणीबाणी जाहीर झाली ती १९७८ मध्ये, मध्ये पंचवीस वर्षं गेल्यावर. त्या प्रकरणानंतर १९८० साली तिथे दूषित जागा साफ करण्यासाठीचा ‘सुपरफंड’ कायदा आला. घरगुती कचऱ्याच्या भूमींसाठी तिथल्या नियमात बंद झाल्यावर साधारण ३० वर्षं देखरेख धरलेली असते. खर्च आवरायचा असेल तर सगळ्या विहिरींची यादी छाटण्याऐवजी घटकांची यादी छाटा. दूरच्या विहिरीत क्लोराइड, अमोनिया आणि कंडक्टिव्हिटी एवढंच वर्षातून दोनदा बघा. पूर्ण यादी जवळच्या विहिरींपुरती ठेवा.

प्रश्न : आमच्या भागातल्या एका निरीक्षण विहिरीला गाडीची धडक बसून वरची नळी मोडली. नळी सारखी कापून टोपण बसवलं. ‘काही फरक पडत नाही’ म्हणतात. पडतो का?

उत्तर : पडतो, आणि तो पाण्याच्या अहवालात कधीच दिसत नाही. विहिरीतली पातळी नळीच्या तोंडापासून खाली मोजतात आणि तोंडाच्या उंचीतून वजा करतात. माझ्या पाहण्यातल्या एका जागी अशीच नळी ३० सेंटिमीटरनं आखूड झाली होती. वहीत उंची जुनीच राहिली. मग पाणी होतं त्यापेक्षा ३० सेंटिमीटर वर असल्यासारखं दिसायला लागलं. ती होती खालच्या अंगाची विहीर, आणि वरच्या अंगाच्या विहिरीपासून जेमतेम ६० मीटरवर. दोन्हींच्या पातळीत खरा फरक २४ सेंटिमीटरचा. म्हणजे नकाशावर खालची विहीर वरचीपेक्षा ६ सेंटिमीटर उंच झाली, बाण फिरले, आणि दोन फेऱ्या आम्ही कचऱ्याकडून आलेल्या पाण्याला ‘पार्श्वभूमी’, म्हणजे कचऱ्याचा स्पर्श न झालेलं पाणी, म्हणत होतो. पकडलं एका पोरानं, ज्याला नळीच्या कापलेल्या कडेवर बोट फिरवताना खरचटलं आणि ज्यानं ‘ही कधी कापली?’ असं विचारलं.

मोजणीदार बोलावून नळीच्या नव्या तोंडाची उंची पुन्हा घ्यायला लावा. तोंडाच्या एका बाजूला फाईलनं खाच करा आणि दर वेळी तिथूनच मोजा. कापल्याची तारीख वहीत लाल शाईनं लिहा. धडक बसल्यापासूनच्या पातळ्या नव्या उंचीनं पुन्हा मांडा. नळीभोवतीचं सिमेंट तडकलं असेल तर तेही आधी बुजवून घ्या, नाहीतर वरचं पावसाचं पाणी थेट नळीच्या कडेनं खाली उतरेल. आणि टोपणाला कुलूप लावा.